वैरिणीनं भरलेला कागद

थोरलीनं उभ्या जन्मात "मला येतं" असं कधी म्हटलं नाही. दवाखान्याच्या तळघरातल्या धुलाईत ती चोवीस वर्षं होती. चादरीच्या काठाला नुसतं बोट लावलं की ती ओली की सुकी, कितीदा उकळलेली, कुठल्या मजल्यावरून आलेली, सगळं तिला कळायचं. पण कुणी विचारलं, "बाई, घडी घालता येते का?" तर उत्तर ठरलेलं. "घालते आपली कशीबशी." मग शेजारची कुणीतरी बोलायची, "कशीबशी कसली? हिची घडी पट्टी लावून मोजा. सुतभर फरक निघाला तर मला येऊन सांगा."

तिच्याकडच्या माणसांचं असंच असायचं. डोंगराकडच्या गावांतून पोटासाठी शहरात उतरलेली माणसं ती. त्यांच्यात आपली लाल आपण करायची नाही. तुमच्याबद्दल तुम्हाला विचारलं की तुम्ही गप्प बसायचं आणि शेजारी उभा असेल त्यानं तुमच्याबद्दल सांगायचं. गोड असो की कडू, पण खरं सांगायचं. आणि शेजारी तोंडच उघडत नसेल, तर लोक काय ते समजून जायचे. एवढं ध्यानात धरा, कारण पुढची सगळी भानगड यातूनच झाली.

आता धाकटी. थोरलीच्या दिराची बायको, म्हणजे तिची जाऊ. सडसडीत, जिभेला हाड नसलेली, पण कामाला चपळ. तिला धुलाईत लावली थोरलीनंच. तेव्हाचा मुकादम म्हातारा होता. खोकत खोकत त्यानं विचारलं, "कामाची सवय आहे का?" धाकटी खाली मान घालून उभी. थोरली म्हणाली, "हिला बोलायला ठेवू नका, कामाला ठेवा. तिघींचं एकटी ओढेल." ठेवली. मग चार-पाच वर्षं दोघी एका टेबलाशी. एकीनं चादरीची दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन, आणि पुढे येऊन टोकाला टोक भिडवायचं. दिवसातून चारशे वेळा एकमेकींच्या तोंडासमोर यायचं. नवीन माणसाला त्या सख्ख्या बहिणी वाटायच्या.

मग ब्लँकेटांचं प्रकरण झालं. अकरा वर्षं झाली त्याला.

त्या दिवशी सकाळी धाकटीनं रचलेला गठ्ठा थोरलीनं सगळ्यांसमोर परत टाकला. आतल्या दोन चादरी ओल्या होत्या. "हातानं पाहिलंस की डोळ्यानं?" एवढंच म्हणाली. पण टेबलाभोवतीच्या सगळ्या हसल्या, आणि धाकटीला ते लागलं. दुपारी मुकादमानं कोठी मोजली तर बारा नवी ब्लँकेटं कमी. कोठीची किल्ली थोरलीकडे, गळ्यात फितीला बांधलेली. मुकादमानं बायकांच्या घोळक्यात उभं राहून विचारलं, "बाई, ब्लँकेटं तुम्ही नेलीत का?"

थोरली गप्प राहिली. तिच्या रीतीनं ते बरोबरच होतं. शेजारी जाऊ उभी होती. तिनं म्हणायचं होतं, "ही? ही पडलेला दोरासुद्धा उचलायची नाही." आणि धाकटीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. सकाळच्या दोन ओल्या चादरी घशात अडकल्या होत्या ना. थोरलीनं एकदा तिच्याकडे पाहिलं. धाकटी मान वळवून नळाकडे बघत होती.

तीन दिवस फाटकावर थोरलीची पिशवी उपसून बघत होते. डबा उघड, रुमाल झटक. चौथ्या दिवशी ब्लँकेटं सापडली. रुग्णवाहिकेवाल्यांनी ती कोठीत जायच्या आधी दारातूनच, सही न करता नेली होती आणि गाडीतच पडून होती. मुकादमानं सगळ्यांसमोर माफी मागितली. धाकटीनं नाही मागितली. तेव्हापासून दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. टेबल तेच, चादर तीच, टोकाला टोक भिडवायचं आणि डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. काही सांगायचं झालं तर तिसरीला. "त्यांना सांगा, शिवण उसवलीय." आणि 'त्या' चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या.

दोघींचे नवरे मात्र रोज संध्याकाळी एकत्र चहा प्यायचे. पुरुषांना काय.

थोरलीचा नवरा पुढे वारला. घरात मुलगा, सून आणि दोन खोल्या. सून वाईट नव्हती, पण धुतलेली वाटी कुठल्या फळीवर ठेवायची, हेसुद्धा थोरलीला तिला विचारावं लागायचं. घरी ती पाहुणी आणि तळघरात धनीण. गळ्यातल्या किल्लीच्या जोरावर ती ताठ मानेनं चालायची. काम गेलं तर मागे काय उरतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. एक खाट आणि खिडकी.

तर धुलाई नव्या कंपनीकडे गेली. कंपनीनं सांगितलं, जुन्या बायकांनीही नव्यानं अर्ज करायचा आणि परीक्षा द्यायची. परीक्षा कसली? चादर नाही दिली, इस्त्री नाही दिली, डाग काढून दाखवा म्हटलं नाही. कागद दिला. साठ वाक्यं, आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी खरं. 'मी इतरांपेक्षा चांगलं काम करते.' 'मला पटकन राग येतो.' 'माझ्यावर भरवसा ठेवता येतो.' चोवीस वर्षं लोकांच्या रक्ता-पुवाच्या चादरी उकळणाऱ्या बाईला हे विचारायचं. म्हैस पाण्यात आणि काठावर बसून तिचं मोल.

कागद घेऊन आली ती चष्मेवाली. पोरसवदा, स्वच्छ, गोड बोलणारी. गोड बोलणाऱ्या माणसाच्या हातात कागद दिसला की जपून राहावं.

"यात बरोबर-चूक काही नसतं," ती म्हणाली. "मनात येईल ते लिहा."

"मग नापास कसं करता?" बटणवालीनं विचारलं. बटणवाली म्हणजे धुलाईतली सगळ्यांत जुनी बाई, फाटकं शिवायची, तुटलेली बटणं लावायची.

"नापास नाही हो मावशी. कोण कामाशी जुळतं आणि कोण नाही, तेवढं बघतो."

"आणि न जुळणारीला काय करता?"

चष्मेवालीनं कागद वाटायला घेतले.

तेरा बायकांपैकी पाच बंदराकडच्या होत्या. त्यांच्याकडे सगळं उलटं. बंदरावर रोज नवं जहाज, रोज नवा मालक. छाती ठोकून पुढे येईल त्याला काम, मागे राहील तो उपाशी. त्यांची पुढारी बंदरवाली. तिनं पाच मिनिटांत कागद भरून टाकला. चांगलं दिसेल तिथं पाच, वाईट दिसेल तिथं एक. ही तीच बाई, जिनं एक लाल मोजा यंत्रात तसाच ठेवून साठ अभ्रे गुलाबी केले होते. 'माझ्या हातून कामात चूक होत नाही,' याला पाच.

"लाज नाही वाटत?" थोरलीनं विचारलं.

"कसली लाज? आपलं आपण नाही सांगितलं तर काय शेजारीण सांगणार?"

"आमच्यात शेजारीणच सांगते."

"मग बस शेजारणीची वाट बघत."

डोंगराकडच्या आठ बायकांनी साठच्या साठ वाक्यांपुढे तीन लिहिले. मधला आकडा. खाली उतरावं तर खोटं, वर चढावं तर आगाऊपणा. थोरलीनं रागाच्या वाक्यापुढे तेवढा चार लिहिला होता, तोही खोडून तीन केला.

आठ दिवसांनी पत्रं आली. बंदराकडच्या पाचही पास. डोंगराकडच्या आठहीजणींना एकसारखी ओळ. ठाम मत नाही, आत्मविश्वास कमी, कामासाठी योग्य नाही, सोमवारी शेवटची संधी.

"जाऊ द्या ना आई," सून म्हणाली. "पुष्कळ केलंत. बसा आता घरी आरामात." ती प्रेमानंच म्हणाली असेल. थोरलीला खाट आणि खिडकी दिसली.

मुलगा म्हणाला, "सगळीकडे पाच टाक आणि मोकळी हो. सगळे तेच करतात."

"माझ्यावर भरवसा ठेवा, असं मी माझ्या तोंडानं म्हणू?"

"तोंडानं कुठं, पेनानं."

"चोवीस वर्षं ज्यांनी किल्ली माझ्याकडे... जाऊ दे. तुला नाही कळायचं."

सोमवारी आठहीजणींना जेवणाच्या खोलीत बसवलं. जागा हजेरीपटाप्रमाणे, आडनावावरून. आता दोघी एका घरच्या सुना, आडनाव एकच, म्हणजे थोरलीच्या शेजारी कोण आली ते सांगायला नको. धाकटीनं खुर्ची टीचभर लांब ओढली. थोरलीनं आपली दोन टीच.

"अर्धा तास आहे. मी बाहेरच आहे," चष्मेवाली म्हणाली. "एकमेकींचं बघून लिहू नका. तसं यात बघण्यासारखं काही नसतं म्हणा." आणि ती फोन कानाला लावून गेली.

दहा मिनिटं कुणी पेन टेकवलं नाही. मग बटणवालीनं ते खाली ठेवूनच दिलं. "माझ्याच्यानं नाही लिहवत. मानेवर सुरी ठेवली तरी पाच नाही निघायचा हातून. ए, इकडे दे तुझा कागद. तुझं मी लिहिते, माझं तू लिही. पण खरं ते लिही हो, आवडीनिवडी नकोत."

"चालेल का?" तिच्या शेजारणीनं विचारलं.

"तीच म्हणाली ना, बरोबर-चूक काही नसतं."

सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. ही रीत ओळखीची होती. कागद जोडीजोडीनं फिरले, पेनं सरसर चालायला लागली. "अगं, ही घोरते का, ते विचारलेलं नाही का कुठं?" कुणीतरी म्हणालं, आणि खोलीत हसू पसरलं.

थोरली आणि धाकटी तशाच. वीस मिनिटं उरली होती, त्यातली पाच आणखी गेली. शेवटी धाकटीनं आपला कागद दोन बोटांनी सरकवला, मेलेली पाल ढकलावी तसा. थोरलीनं आपला ढकलला.

थोरलीनं खरं तेच लिहिलं. 'मी मनापासून काम करते', पाच. हात आखडला नाही. 'मी लोकांना टोचून बोलते', पाच, आणि सहा असता तर सहा. 'मी आळस करते', एक. असं चाळीस वाक्यांपर्यंत आली. एक्केचाळिसावं होतं, 'माझ्यावर भरवसा ठेवता येतो.' पेन थांबलं. नळाकडे वळलेली मान तिला दिसली, फाटकावर उघडलेला डबा दिसला. तिनं एक लिहिला. इतका दाबून की कागदाच्या पाठीवर उमटला.

बुधवारी चष्मेवालीनं तिला एकटीला बोलावलं. खोली जुन्या मुकादमाचीच. टेबलावर पूर्वी त्याची खोकल्याची बाटली असायची, आता प्लास्टिकचं झाड होतं.

"हा तुमचा कागद?"

"वर नाव माझं आहे."

"भरला कुणी?"

थोरलीनं पदर सावरला.

"मला कळलंय," चष्मेवाली म्हणाली. "इथं 'मला पटकन राग येतो' याला पाच आहेत, आणि बाजूला लिहिलंय, 'चादर ओली असली तर जास्त.' स्वतःबद्दल असं कुणी लिहीत नाही."

थोरलीनं कागद ओढून घेतला. धाकटीचं तिरपं अक्षर. 'मी सगळ्यांशी मिळूनमिसळून राहते', एक. 'मी मनात अढी धरून ठेवते', पाच, खाली दोन रेघा. 'मी इतरांपेक्षा चांगलं काम करते', चार. चार? थोरलीची कानशिलं तापली. हिला पाचाची कोण भेटली? 'मी कधीच खोटं बोलत नाही', पाच. बोट खाली सरकत एक्केचाळीसवर आलं. 'माझ्यावर भरवसा ठेवता येतो.' तिथं पाच होता. दाबलेला नाही, खोडलेला नाही, किराणा मालाच्या यादीत लिहावा तसा साधा पाच.

थोरलीला बरं नाही वाटलं, संताप आला. अकरा वर्षांपूर्वी एवढं एकच वाक्य त्या तोंडातून निघालं असतं, तर तीन दिवस तिचा डबा कुणी हुंगला नसता. तेव्हा ओठ शिवलेले, आणि आता कागदावर फुकटचा पाच.

"नियमानं मला आठहीजणींना घरी पाठवायला हवं," चष्मेवाली सांगत होती. "पण मग चादरी कोण धुणार, असं वरचे मलाच विचारतील. म्हणून मी काही पाहिलं नाही. सात कागद पुढे पाठवतेय, त्यात तुमचाही आहे. हा आठवा मात्र पाठवता येत नाही." तिनं धाकटीचा कागद पुढे ठेवला. "एक्केचाळीसला एक आहे. कंपनी आधी तेवढाच आकडा बघते, एक असला की बाकीचं वाचत नाही. तुमचं आडनाव एकच दिसतंय. नात्यातल्या का?"

"जाऊ."

"मग तुम्हीच सांगा त्यांना. उद्यापासून यायला नको म्हणावं. घरच्या माणसानं सांगितलं की बरं असतं." मग कागद उचलता उचलता तिनं सहज विचारलं, "तशाच आहेत का त्या? भरवशाच्या नाहीत?"

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. पलीकडे टेबलाशी धाकटी एकटी चादरीची चार टोकं सावरत असेल. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. मापाला माप. थोरली प्लास्टिकच्या झाडाकडे बघत राहिली. बघत राहिली, आणि आपली मान कशी वळलीय ते तिच्या ध्यानात आलं. अगदी तशीच. तिला शिसारी आली.

"ती बाई विषारी आहे," थोरली म्हणाली. "तोंडाळ आहे. मला डोळ्यासमोर नको असते. ते मी लिहिलंय ते सगळं खरं आहे. पण एक्केचाळीसला मी खोटं लिहिलं. तिथं पाच हवेत."

"म्हणजे हा कागद तुम्ही भरलात."

"हो."

"आणि मुद्दाम खोटं लिहिलंत."

"हो."

चष्मेवालीनं थोरलीचा कागद परत पुढे ओढला. "इथं तर आहे, 'मी कधीच खोटं बोलत नाही', पाच."

"ते लिहिणारीला विचारा."

चष्मेवाली हसली नाही. "मी न पाहिल्यासारखं करत होते. आता तुम्हीच तोंडानं सांगितलंत, म्हणजे मला ते नोंदवावं लागणार. कामावरून काढत नाही तुम्हाला. पण कोठीची किल्ली तुमच्याकडे नाही ठेवता येणार."

"जिनं खोटं लिहिलं आणि कबूल केलं, तिच्याकडे नको. मग साठ अभ्रे गुलाबी करून पाच लिहिणारीकडे द्या."

"तसं नाही. सगळंच चांगलं लिहिणारीला कंपनी कामाला घेते, पण किल्ली देत नाही. बाकीच्यांत ज्यांचा कागद सगळ्यांत जास्त जुळेल त्यांच्याकडे जाईल." तिनं दोन्ही कागदांवरून पेन फिरवलं. "एक्केचाळीसला पाच धरले, तर त्या तुमच्या जाऊबाईच येतात."

थोरलीनं फीत डोक्यावरून काढायला घेतली. अंबाड्यात अडकली. चष्मेवाली मदतीला उठली.

"हात लावू नका," थोरली म्हणाली. काढली आणि टेबलावर ठेवली, घडी घालून.

तिला वाळवणीच्या यंत्रावर टाकलं. गरम हवेत वाकून चादरी काढायच्या आणि गाड्यात भरायच्या. कोठीशी संबंध नाही, टेबलाशी संबंध नाही. चोवीस वर्षांपूर्वी ती तिथूनच सुरू झाली होती.

"बघितलंस?" बंदरवाली जाता जाता म्हणाली. "शेजारणीनं सांगितलं की असं होतं."

"तू आधी तुझे मोजे मोज," थोरली म्हणाली.

घरी तिनं सांगितलं, पास झाले. किल्लीचं सांगितलं नाही. सुनेला गळा मोकळा दिसला असेल, पण तीही काही बोलली नाही. त्याबद्दल थोरलीनं तिला मनात एक गुण दिला.

पंधरा दिवस गेले. एका दुपारी धाकटी वाळवणीपाशी आली. हातात एकच चादर. आसपास तिसरी कुणी नव्हती, "त्यांना सांगा" म्हणायला. ती थोडी घुटमळली, मग चादर पुढे धरून म्हणाली,

"हातानं पाहिलीत की डोळ्यानं?"

अकरा वर्षांतले पहिले शब्द. थोरली यंत्रात वाकलेली होती, तिनं मान बाहेर काढली नाही.

"मला सहीला कागद दिला होता," धाकटी म्हणाली. "एकावर काट मारून पाच केलेला. पाठीमागून हात फिरवला तर तो एक लागत होता बोटाला."

"मीच लिहिला होता."

"कळलं ते. मी तुम्हाला पाच दिले होते."

"तेही कळलं. अकरा वर्षं उशिरा दिलेस."

धाकटीच्या तोंडाशी काहीतरी आलं आणि तिनं ते गिळलं. थोरलीला गिळल्याचं ऐकू आलं. यंत्र बंद होतं.

"आणि कामाला चार?" थोरलीनं विचारलं.

"चारच्याच आहात. पाचाची असती तर ही ओली पाठवली नसती."

"ठेव तिथं आणि जा. कोठी उघडी टाकून आलीस."

"कुलूप लावून आलेय."

धाकटी गेली. जाताना किल्ली तिच्या पोटावर आपटत होती. फीत थोरलीच्या मापाची, धाकटीला लांब व्हायची. पण तिनं ती कापली नव्हती आणि गाठही मारली नव्हती.

ती दाराआड जाईपर्यंत थोरली थांबली. मग तिनं चादर उचलली. सुकी निघाली तर सगळ्यांसमोर जाऊन तिच्या तोंडावर फेकायची, असं ठरवूनच उचलली. काठाला बोट लावलं.

ओलीच होती.